समुद्र पाहणारा साडेचार किलोचा उपग्रह: पोर्तुगालला त्यातून नेमके काय मिळते?

शिवणेकर

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी समुद्रनिरीक्षण करणारा नॅनो-उपग्रह हा विषय घेतला असून नमुना म्हणून पोर्तुगालचा एरोस एमएच-१ समोर ठेवला आहे. दहा-दहा सेंटिमीटरच्या तीन युनिटांचा, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा हा क्यूबसॅट (ठोकळ्यांच्या ठरावीक मापात बांधलेला छोटा उपग्रह) साडेचार किलो वजनाचा आहे. ४ मार्च २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्गहून फाल्कन-९ प्रक्षेपकाने इतर बऱ्याच उपग्रहांसोबत तो वर नेला आणि सुमारे ५१० किलोमीटर उंचीवर सोडला. १९९३ मधील पोसॅट-१ नंतर त्या देशाने उपग्रह पाठवला तो तीस वर्षांनी. त्यावर हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाश अनेक अरुंद रंगपट्ट्यांत वाटून मोजणारा, कॅमेरा आहे, साधा रंगीत कॅमेरा आहे आणि समुद्री प्राण्यांना लावलेल्या ट्रान्समीटरांचे संदेश टिपणारा रेडिओही आहे.

माझी शंका अशी आहे. पोर्तुगाल युरोपीय संघाचा सदस्य असल्याने सेंटिनेल-३ ही उपग्रहमालिका एका अर्थाने त्याच्या घरचीच आहे. तिचा रंगमापक प्रकाशाच्या २१ रंगपट्ट्यांत आणि ३०० मीटरच्या पिक्सेलने समुद्र पाहतो आणि ती माहिती तर जगात कोणालाही विनामूल्य मिळते. एरोस सुटण्याच्या महिनाभर आधी, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, नासाने सुमारे १७०० किलोचा पेस उपग्रह सोडला, जो अतिनील ते अवरक्तपर्यंतचा वर्णपट अखंड मोजतो. आपला ओशनसॅट-३ देखील ११०० किलोंहून जड आहे. इतके सगळे वर फिरत असताना साडेचार किलोच्या डब्यातून असे काय दिसणार, जे यांना दिसत नाही? की हा प्रामुख्याने राष्ट्रीय अभिमानाचा विषय आहे? विद्यार्थ्यांचा उत्साह मोडण्याची माझी इच्छा नाही, परंतु परीक्षकांनी हाच प्रश्न विचारला तर त्यांच्याकडे उत्तर असावे असे वाटते.

पाषाणकर

आपला प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या पहिल्या भागाचे उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. समुद्राच्या रंगाची माहिती हाताळणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून अडचण कुठे आहे ते थोडे तपशिलाने लिहितो.

समुद्र अवकाशातून पाहिला तर तो जवळजवळ काळा असतो. उपग्रहाच्या कॅमेऱ्यात जो प्रकाश पोहोचतो त्यातील सुमारे नव्वद टक्के प्रकाश पाण्याचा नसतोच. तो वातावरणातील रेणूंनी आणि धूलिकणांनी विखुरलेला असतो, आणि काही पृष्ठभागावरून चकाकून आलेला असतो. पाण्याच्या आत जाऊन, तेथील वनस्पतिप्लवकांशी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींशी) गाठ पडून बाहेर आलेला प्रकाश उरलेल्या दहा टक्क्यांत आला. हरितद्रव्य निळा प्रकाश, विशेषतः ४४३ नॅनोमीटरच्या आसपासचा, शोषून घेते आणि ५५० नॅनोमीटरजवळच्या हिरव्याला फारसे हात लावत नाही, म्हणून या दोहोंच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्याचे प्रमाण काढतात. परंतु त्याआधी वातावरणाचे ते नव्वद टक्के हिशेबाने वजा करावे लागतात. आता या वजाबाकीचा परिणाम पाहा: एकूण प्रकाश मोजताना कॅमेऱ्याने अर्ध्या टक्क्याची चूक केली, तर पाण्याच्या वाट्याच्या प्रकाशात ती पाच टक्क्यांची होऊन बसते. जमिनीची छायाचित्रे काढणाऱ्या उपग्रहांना एवढे काटेकोर असावे लागत नाही. शेत आणि रस्ता वेगळे दिसले की त्यांचे बरेचसे काम होते.

लहान उपग्रहाला दुहेरी फटका बसतो. एक म्हणजे प्रकाश कमी. पाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहाची जमिनीवरील छाया सेकंदाला सुमारे सात किलोमीटर सरकते, म्हणजे १०० मीटरचा पिक्सेल कॅमेऱ्यासमोरून १४ मिलिसेकंदांत निघून जातो. तेवढ्या वेळात, दहा सेंटिमीटरच्या चौकोनात मावणाऱ्या भिंगातून, तोही पाच-पाच नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यांत वाटला गेलेला प्रकाश गोळा करायचा. संकेत हा नॉइजच्या, म्हणजे मोजणीतील अनियमित चढउतारांच्या, हजारपट हवा असेल तर प्रत्येक पट्ट्यात, प्रत्येक पिक्सेलमागे सुमारे दहा लाख इलेक्ट्रॉन जमले पाहिजेत, कारण प्रकाशाचा अंगभूत नॉइज संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. दुसरा फटका कॅलिब्रेशनचा, म्हणजे कॅमेऱ्याची मोजणी बरोबर आहे ना हे पडताळण्याचा. मोठ्या उपग्रहांवर सूर्यप्रकाश पसरवून मोजणारी स्वतंत्र तबकडी असते आणि काही उपग्रह चंद्राकडे वळून स्वतःची तपासणी करतात. शिवाय हवाईजवळ समुद्रात उभा केलेला मोबी हा तरंगता मापक १९९७ पासून याच कामासाठी आहे आणि आपल्याकडे इस्रोने लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे तशी सोय केली आहे. नॅनो-उपग्रहाला तबकडी नेण्यास जागा नसते, आणि त्याचा कॅमेरा तापमानाबरोबर थोडा थोडा बदलत राहतो.

म्हणून सेंटिनेल-३ किंवा ओशनसॅटच्या तोडीचे हरितद्रव्याचे आकडे नॅनो-उपग्रह स्वतंत्रपणे देईल, अशी अपेक्षा विद्यार्थ्यांनी ठेवू नये. तो जे देऊ शकतो ते वेगळे आहे. दाभोळच्या खाडीचे तोंड ३०० मीटरच्या पिक्सेलांत मांडून पाहा. हाती मोजकेच पिक्सेल येतात आणि त्यातले कडेचे जमिनीच्या उजेडाने बिघडलेले असतात. पेसचा पिक्सेल तर एक किलोमीटरचा आहे, म्हणजे खाडी त्याच्या खिजगणतीतही नाही. शिवाय कोकणच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, नद्यांनी आणलेला पालापाचोळ्याचा पिवळसर अंश असतो, आणि निळ्या-हिरव्याचे सोपे गुणोत्तर तेथे फसते. अशा पाण्यात बारीक पिक्सेल आणि अखंड वर्णपट या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतात, आणि मोठ्या समुद्री उपग्रहांनी जागतिक व्याप्तीसाठी त्यातली पहिली सोडून दिलेली आहे. लहान उपग्रहाची जागा असलीच तर ती इथे आहे.

जुना सीओईपीकर

पाषाणकरांनी प्रकाशाचा हिशेब मांडला आहे, तेव्हा मी यंत्राच्या बाजूने लिहितो. विद्यार्थी-उपग्रहाच्या गटात काही काळ काम केलेले असल्यामुळे या डब्यांविषयी थोडी आत्मीयता आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पुण्याला हा विषय नवा नाही. सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, विद्यार्थ्यांनी तयार केलेला एक किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने वर गेला. त्याचे काम एका ठिकाणचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवण्याचे होते, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की दिशा राखण्यासाठी त्यात एकही फिरता भाग नव्हता. आत एक कायमचुंबक बसवलेला होता, जो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतो, आणि उपग्रहाचे डोलणे जिरवण्यासाठी मऊ चुंबकीय धातूच्या कांड्या होत्या. वीज लागत नाही, बिघडण्यासारखे काही नाही. रेडिओसाठी ही योजना उत्तम आहे, परंतु कॅमेऱ्यासाठी ती अजिबात पुरत नाही. पाचशे किलोमीटरवरून दिशेत एक दशांश अंशाची चूक झाली तर नेम जमिनीवर जवळजवळ ९०० मीटरने हुकतो, म्हणजे १०० मीटरचे नऊ पिक्सेल. म्हणून समुद्राचा रंग मोजायचा म्हटले की रिॲक्शन व्हील, म्हणजे फिरून उपग्रहाला वळवणारी चाके, आली, ताऱ्यांकडे पाहून दिशा ओळखणारा कॅमेरा आला, त्यांना लागणारी वीज आली, आणि एका युनिटाचे तीन किंवा सहा युनिट होतात.

प्रकाशाच्या टंचाईवर मात्र एक सुंदर तोड निघालेली आहे, आणि ती तुमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावी. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये हिप्सो-१ हा सहा युनिटांचा उपग्रह सोडला. पुढे जाता जाता तो आपला कॅमेरा सावकाश मागे वळवत राहतो, त्यामुळे समुद्राचा तोच पट्टा कॅमेऱ्यासमोर जास्त वेळ राहतो, एकावर एक बऱ्याच रेघा मिळतात आणि त्यांतून नॉइज कमी करता येतो. जगभर पाहायचे असते तर हे परवडले नसते, कारण एका जागी रेंगाळले की पुढची जागा हुकते. पण नॉर्वेला जग पाहायचे नव्हते. तेथील फ्योर्डांमध्ये साल्मन माशांची शेती चालते, २०१९ मध्ये उत्तर नॉर्वेत विषारी शैवाल फोफावल्याने लाखो मासे मेले होते, आणि असे शैवाल कुठे वाढते आहे ते वेळेवर कळावे एवढीच मागणी होती. आणखी एक गोष्ट म्हणजे उपग्रहाचा सांगाडा, वीजव्यवस्था, चाके हे सर्व त्यांनी लिथुआनियातील एका कंपनीकडून तयार घेतले आणि स्वतःची मेहनत बाजारात मिळणाऱ्या भिंगांपासून कॅमेरा जुळवण्यात आणि त्याच्या संगणकप्रणालीत घातली. आपल्याकडे विद्यार्थी-गट सगळेच स्वतः बनवायला बसतात. त्यातून शिकायला पुष्कळ मिळते हे खरे, पण मुख्य उपकरणासाठी शेवटी वेळ उरत नाही.

माहिती खाली आणणे हा प्रश्न बहुतेक प्रकल्प-अहवालांत एका ओळीत उरकलेला असतो, म्हणून त्याचा हिशेब इथे मांडतो. हजार गुणिले हजार पिक्सेलांचे दृश्य, शंभर पट्टे, प्रत्येक आकड्याला दोन बाइट: एकूण २०० मेगाबाइट, म्हणजे १६० कोटी बिट. विद्यार्थी-उपग्रहांत नेहमी वापरतात त्या ९६०० बिट प्रतिसेकंद वेगाने ते उतरवायचे तर अखंड ४६ तास लागतील, आणि उपग्रह भूस्थानकाच्या क्षितिजावर एका वेळी फार तर दहा मिनिटे असतो. एस-बँड या अधिक वेगाच्या रेडिओपट्ट्यावर सेकंदाला एक मेगाबिटचा वेग मिळाला तरी एका दृश्यासाठी तीन फेऱ्या. म्हणूनच उपग्रहावरच दृश्य आवळणे, ढगाळ भाग टाकून देणे, आणि शक्य झाल्यास शैवाल कुठे आहे एवढाच निष्कर्ष खाली पाठवणे, याकडे सगळ्यांचा कल आहे. एरोसच्या बाजूने पोर्तुगालला एक सोय आहे: अझोर्स बेटांपैकी सांता मारियावर भूस्थानक आहे, मुख्य भूमीपासून सुमारे दीड हजार किलोमीटर आत, ऐन अटलांटिकमध्ये. जो समुद्र पाहायचा त्याच्या मधोमध उभे राहून माहिती उतरवून घेता येते.

गुहागरचा

कॅमेऱ्याची चर्चा सविस्तर झाली, पण एरोसवरचा रेडिओ मागे पडला असे वाटते. माझ्या मते त्या उपग्रहाची खरी कल्पना तिथे आहे.

२०२२ च्या जानेवारीत वेळासला ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या मादीच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवला गेला, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा तो पहिलाच प्रयोग होता. पुढच्या वर्षी आमच्या गुहागरला ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ यांना तसेच ट्रान्समीटर लावले. बागेश्री दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली, हे आपल्याला कळले ते उपग्रहांमुळे. कासव श्वासासाठी वर आले की ॲन्टेना पाण्याबाहेर येते आणि लहानसा संदेश जातो. वर त्या वेळी ऐकणारा उपग्रह असेल तर तो टिपतो आणि संदेशाच्या कंप्रतेत होणाऱ्या बदलावरून कासवाचे ठिकाण काढता येते. नसेल तर संदेश वाया. १९७८ पासून चालू असलेली आर्गोस ही व्यवस्था याच तत्त्वावर आहे, आणि तिचे एक उपकरण आपल्या ओशनसॅट-३ वरही आहे.

आता कासव, शार्क किंवा देवमासा कुठे आहे हे रेडिओवरून कळले आणि त्याच भागातील पाण्याचा रंग त्याच उपग्रहाने त्याच फेरीत पाहिला, तर प्राणी तिथे का गेला याचा विचार करता येतो. एरवी प्राण्याची नोंद एका दिवसाची आणि समुद्राचे चित्र दुसऱ्याच दिवसाचे, तेही आठवड्याची सरासरी काढलेले, अशी जुळवाजुळव करावी लागते. शिवाय रेडिओला ढगांची अडचण नाही. कॅमेऱ्याला कोकणचा समुद्र जून ते सप्टेंबर जवळपास दिसतच नाही.

शिवणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खाडीचा मुद्दा आणि प्राणी व पाणी एकाच फेरीत पाहण्याचा मुद्दा, दोन्ही विद्यार्थ्यांच्या ध्यानात आलेले नव्हते. तरीही एक प्रश्न उरतोच. अशा उपग्रहाचे आयुष्य काही वर्षांचे. समुद्रातील बदल समजण्यासाठी दशकांच्या नोंदी लागतात. मग एका उपग्रहाच्या दोन-तीन वर्षांच्या, त्याही कॅलिब्रेशनच्या दृष्टीने शंकास्पद अशा नोंदींचे पुढे काय करायचे?

पाषाणकर

दशकांच्या नोंदींसाठी त्यांचा उपयोग नाही. ते काम सेंटिनेल, ओशनसॅट आणि पेस यांचेच आहे, आणि ते लहान उपग्रहांवर सोपवावे असे कोणी सुचवत असेल तर मी त्याला स्पष्ट विरोध करीन. १९९९ चा ओशनसॅट-१, २००९ चा ओशनसॅट-२ आणि २०२२ चा ओशनसॅट-३ ही साखळी टिकवणे किती जिकिरीचे आहे हे आपण पाहिलेच आहे.

मात्र लहान उपग्रह मोठ्यांच्या आधाराने चालू शकतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन शाखेने पुढाकार घेतलेला सीहॉक-१ हा तीन युनिटांचा उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये गेला. त्याच्या कॅमेऱ्याला आठ पट्टे होते, जुन्या सीविफ्स या समुद्ररंगमापकासारखेच, पण पिक्सेल १२० मीटरचा होता. त्याची माहिती नासाच्या समुद्ररंग विभागाने आपल्या नेहमीच्या प्रणालीतून काढून सर्वांना खुली केली. मोठ्या उपग्रहाने तोच समुद्र त्याच दिवशी पाहिलेला असतो, तेव्हा त्याच्या भरवशाच्या आकड्यांशी लहानाचे आकडे जुळवून घ्यायचे आणि मग खाडीच्या आतील बारकावे लहानाकडून घ्यायचे. नॉइज अधिक असेल तर दहा गुणिले दहा पिक्सेलांची सरासरी काढावी, नॉइज दहापट कमी होतो. अर्थात मग पिक्सेल पुन्हा किलोमीटरचा झाला, म्हणजे ही युक्ती खुल्या समुद्रासाठीच.

अभिमानाविषयीही लिहितो, कारण तो शब्द आपण पहिल्या प्रश्नात वापरला होता. पोर्तुगालची जमीन सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर आहे आणि त्याचे सागरी आर्थिक क्षेत्र सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जमिनीच्या अठरा पटींहून अधिक. एवढ्या पाण्यावर हक्क सांगणाऱ्या देशाकडे ते पाहण्याचे कौशल्य स्वतःच्या माणसांत असावे, असे त्यांना वाटले तर मी त्याला केवळ मिरवणे म्हणणार नाही. पोसॅट-१ हा इंग्लंडमधील सरे येथील तंत्रज्ञानावर आधारलेला होता. त्यातून तयार झालेली माणसे पुढे तीस वर्षे उपग्रहाविना राहिली, हे त्या देशाचे खरे नुकसान. मॉरिशसचेही उदाहरण पाहा. त्याची जमीन दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि समुद्र सुमारे २३ लाख. त्यांनी २०२१ मध्ये मिर-सॅट१ हा एका युनिटाचा उपग्रह आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातून सोडला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संयुक्त लघु-उपग्रहासाठी इस्रोशी करार केला. पहिल्या डब्याने समुद्राविषयी फार काही सांगितले नसेलही, पण दुसऱ्या करारासाठी टेबलावर बसणारी माणसे त्यातून तयार झाली असणार.

जुना सीओईपीकर

शेवटच्या मुद्द्यावर माझे पाषाणकरांशी थोडे मतभेद आहेत. माणसे तयार होणे हा उपफायदा आहे. प्रकल्पाचे उद्दिष्ट म्हणून तो लिहिला की उपकरण कसेही चालले तरी प्रकल्प यशस्वी ठरतो, आणि विद्यार्थ्यांना ती सवय लागू नये. नॉर्वेने शैवाल दिसावे हे उद्दिष्ट ठेवले म्हणून त्यांचा कॅमेरा मागे वळायला शिकला.

शिवणेकर सर, तुमच्या विद्यार्थ्यांना माझी सूचना अशी की स्वतंत्र उपग्रहाचा नाद तूर्त सोडावा आणि फक्त कॅमेऱ्याचा विचार करावा. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर पोएम या नावाने प्रयोगांसाठी वापरला जातो. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ उपकरणे होती आणि त्यांत शिक्षणसंस्थांचीही होती. वीज आणि संदेशवहन तिथे आयते मिळते. मात्र ती कक्षा बरीच खाली असते आणि प्रयोगाचा काळ थोडा, त्यामुळे रोजच्या निरीक्षणासाठी नव्हे, तर आपला कॅमेरा अवकाशातील तापमानात कसा वागतो हे तपासण्यासाठी ती जागा योग्य आहे.

त्याआधी, पुण्यात बसून आणि एक रुपयाही खर्च न करता, एक काम करता येईल. हिवाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, अरबी समुद्राच्या उत्तर भागात नॉक्टिल्युका या प्लवकाचे मोठे हिरवे पट्टे उमटतात. सेंटिनेल-३ ची त्या काळातली निरभ्र दृश्ये उतरवून घ्यावीत, मात्र हरितद्रव्याचे तयार नकाशे घेऊ नयेत. वातावरण वजा करण्यापूर्वीचे, लेव्हल-१ चे प्रकाशाचे आकडे घ्यावेत. आपण योजलेल्या भिंगाचा आणि संवेदकाचा नॉइज हिशेबाने काढून तो त्या आकड्यांवर चढवावा, मग वातावरणाची वजाबाकी करून हरितद्रव्य पुन्हा काढावे. नॉइज थोडा थोडा वाढवत नेला की एका पातळीला ते पट्टे दिसेनासे होतील. ती पातळी आणि तुमच्या कॅमेऱ्याचा नॉइज यांच्यात किती अंतर आहे, तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावा.

शिवणेकर

हे काम याच सत्रात देता येईल. लेव्हल-१ चे एक पूर्ण दृश्य आमच्या प्रयोगशाळेतील साध्या संगणकांवर उघडेल का?

पाषाणकर

उघडेल, पण पूर्ण दृश्य घेऊ नका. युरोपीय अवकाशसंस्थेच्या स्नॅप या विनामूल्य प्रणालीत आधी हवा तेवढा चौकोन कापून घ्या आणि २१ पैकी सुरुवातीला सहा-सात पट्टेच ठेवा. अवरक्तातील दोन पट्टे मात्र वगळू नका. वातावरणाची वजाबाकी त्यांच्यावरच उभी असते.